चुगलखोर डोळा

संध्याकाळी सहा-सातच्या सुमाराला कुणी माझ्या मेडिकलच्या काउंटरवर आलं आणि बोलताना त्याची जीभ जड लागली, तर मी आधी एकच विचारते, "सकाळी कसं असतं?" काही जण नुसते बघत राहतात, काही जण चिडतात. चिडू देत. हा प्रश्न मला फार उशिरा कळला, आणि त्या उशिराची आठवण झाली की आजही स्वतःच्या दोन थोबाडीत माराव्याशा वाटतात. तो मी शिकले शेजारच्या गाळ्यातल्या शमुवेल मिस्त्रींमुळे. ते जाऊन आता दीड वर्ष होईल.

मिस्त्रींचं मोटर रिवाइंडिंगचं दुकान होतं. आमच्या कोपरगावात ऊस, आणि ऊस म्हटला की पाणी, आणि पाणी म्हटलं की मोटर. ती जळली की शेतकरी टेम्पोत घालून मिस्त्रींकडे आणायचा. मिस्त्री आतली जळकी तांब्याची तार उपसून काढायचे आणि नवी भरायचे. माझे वडील मेडिकल चालवायचे तेव्हापासून आमची भिंत एक. वडील गेले आणि मी दुकानात बसायला लागले, तर पहिल्याच दिवशी येऊन म्हणाले, ताई, तुझा बाप कमी बोलायचा आन मी लई बोलतो, म्हनून आमचं जमलं, तुझं काय? मी म्हटलं, मीही बोलते. तर म्हणाले, मग अवघड हाय.

अवघड काही झालं नाही, कारण मला बोलायला सापडायचंच नाही. सकाळी शटर वर गेलं की मिस्त्रींचं तोंड सुरू व्हायचं ते शटर खाली येईपर्यंत. बुटका, काळासावळा माणूस, अंगात खाकी शर्ट, कानावर पेन्सिल, आणि उजव्या खिशात भाजलेले शेंगदाणे. शेंगदाणा तोंडात, तार हातात आणि गोष्ट चालू. एकाच गोष्टीत निवडणूक, बायबल, जावयाची नोकरी आणि तीन एचपीची मोटर हे सगळं यायचं, आणि शेवटी सगळं बरोबर जागेवर जाऊन बसायचं. ऐकणाऱ्याचं काम काय राहिलंय हे त्याला घरी गेल्यावर आठवायचं.

पण मोटर समोर आली की हा बोलका माणूस आधी फक्त विचारायचा. मोटर खाली उतरवूच द्यायचा नाही. कधीपासून? आवाज कसला येतोय, भुणभुण का खरखर? आधी पाणी येतं आणि मग तुटतं का आधीपासूनच नाही? एकदा नदीकाठच्या एका गावचा शेतकरी तणतणत आला. मोटर फिरते आणि पाणी नाही, म्हणजे मोटरच गेली, असं त्याचं म्हणणं. मिस्त्रींनी दहा प्रश्न विचारले आणि टेम्पो तसाच परत पाठवला. म्हणाले, मोटरीला हात लावू नको, फुटव्हॉल वर काढून बघ. फुटव्हॉल म्हणजे विहिरीत बुडालेल्या पाइपाच्या तोंडाशी असते ती झडप. शेतकरी शिव्या घालत गेला, आणि दुसऱ्या दिवशी उसाची मोळी घेऊन हसत आला. झडपेत हा एवढा बेडूक अडकला होता.

"मोटर बोंबलती म्हनून मोटरीचाच दोष असतो व्हय?" हे मिस्त्रींचं आवडतं वाक्य. ते शेतकऱ्याला म्हणायचे, सुनेच्या तक्रारी सांगणाऱ्या सासूला म्हणायचे, पोरगं नापास झालं म्हणून रडणाऱ्या बापालाही म्हणायचे. माझं आणि माझ्या नवऱ्याचं वाजलं होतं तेव्हा मलाही म्हणाले. मला राग आला होता. बरोबर होतं, म्हणून जास्तच आला.

करोनाचे मास्क नुकते उतरले होते त्या वर्षीची गोष्ट. पहिली कुरबूर शेंगदाण्यांवरून झाली. अर्धी मूठ खाल्ली की मिस्त्री हनुवटी हातात धरून बसायचे. औंदा शेंगदाणा लई कडक आलाय, म्हणायचे. दुकान बदललं, तरी शेंगदाणा कडकच. मग डावी पापणी खाली यायला लागली. मग संध्याकाळी एकाचे दोन दिसायला लागले. त्याचंही त्यांनी सुख करून घेतलं: एक गिऱ्हाईक येतं आन दोन दिसत्यात, धंदा वाढला म्हनायचा. मी शहाणी तीन महिने त्यांना डोळ्याचे थेंब देत राहिले. वर ताकदीच्या गोळ्याही दिल्या. डिप्लोमा भिंतीवर फ्रेम करून लावलाय माझा.

आणि मग त्यांच्या चर्चचा कापणीचा सण आला. या सणाला लोक शेतातलं जे काही चांगलं निघालं असेल ते देवापुढं आणून ठेवतात, गहू, कोंबड्या, भोपळे, अंडी, आणि दुपारपासून त्याचा लिलाव होतो. लिलाव पुकारायचा मान पंचवीस वर्षं मिस्त्रींचा. आम्ही बाजूचे दुकानदारही जायचो, घेण्यापेक्षा ऐकायला. कोंबडीचा लिलाव करताना तिच्या घराण्याची अशी काही तारीफ करायचे की मालकालाच ती परत घ्यावीशी वाटायची. त्या वर्षीही दुपार झकास गेली. पण ऊन उतरायला लागलं तसा आवाज नाकातून यायला लागला. शब्द एकमेकांवर घसरायला लागले. भोपळा उचलला तेव्हा डोळा अर्धा मिटलेला, मान झुकलेली, आणि काय बोलतायत ते कुणालाच कळेना. मागून कुणीतरी बोललं, मिस्त्री आज लावून आलेत.

हे ज्याच्याबद्दल बोललं गेलं तो माणूस कोण, हे सांगायला हवं. मिस्त्रींच्या धाकट्या भावाला दारूनं नेलं होतं. तेव्हापासून त्यांनी स्वतः तर कधी थेंब घेतला नाहीच, पण दारू पिऊन आलेल्या गिऱ्हाइकाची मोटरसुद्धा ते भरत नसत. उद्या सकाळी ये, म्हणायचे. चर्चमध्ये दारूच्या विरोधात दर वर्षी एक भाषण ठोकायचे. त्यामुळे बातमी गावभर पोचायला वेळ लागला नाही.

चर्चच्या पंचांत एक दानिएल मास्तर होते, रिटायर्ड शिक्षक. माणूस सरळ, पण तपासणीची भारी हौस. एका सोमवारी सकाळी अकराला ते मिस्त्रींच्या दुकानात आले आणि म्हणाले, शमुवेल, तीनदा "नबुखद्नेस्सर" म्हण. बायबलमधल्या त्या राजाचं नाव प्यालेल्या माणसाला घेता येत नाही, असा मास्तरांचा शोध होता. मिस्त्रींनी ते पाच वेळा म्हटलं, वर एकदा उलटं म्हणून दाखवू का विचारलं. मास्तर खूश होऊन निघाले, पण जाता जाता त्यांच्यातला शिक्षक जागा झाला. सकाळी कोण पितो? म्हणून संध्याकाळी सहाला ते न सांगता परत आले.

मी माझ्या पायरीवरून हे सगळं बघत होते. आत मिस्त्री तार भरत बसलेले. डावा डोळा उघडा राहावा म्हणून पापणी वर ओढून कपाळाला काळी इन्सुलेशन टेप चिकटवलेली. दुकानात नुकतं व्हार्निश मारल्याचा उग्र वास, डोक्यात जाणारा. मास्तर दारातच थबकले, दोनदा हुंगलं आणि म्हणाले, म्हण नबुखद्नेस्सर. मिस्त्री म्हणाले, "नबु," आणि थांबले. परत म्हणाले, "नबु." तिसऱ्यांदा तेवढंही आलं नाही. मास्तरांनी टोपी काढली, घातली आणि निघून गेले. मला हसू फुटलं होतं. पण आतून मिस्त्रींनी माझ्याकडे बघितलं, आणि माझं हसू जागच्या जागी मेलं. एका डोळ्यातून पाणी वाहत होतं, आणि टेपमुळे त्यांना तो मिटताही येत नव्हता.

त्याच आठवड्यात मी त्यांना ओढतच डॉक्टरकडे नेलं. दर गुरुवारी नगरहून एक डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई आमच्या गावात यायच्या. तोवरचे दोन दिवस मी मिस्त्रींचा पिच्छा सोडला नाही. बरोबर त्यांची बायको रिबेकाबाई. या बाई म्हणजे मिस्त्रींच्या अगदी उलट. तीस वर्षांच्या संसारात त्यांच्या वाट्याला "व्हय" आणि "न्हाई" एवढेच शब्द आले असावेत, आणि तेवढ्यात त्या सुखी दिसायच्या. डॉक्टरीणबाईंनी डोळे बघितले, वर बघायला लावलं, तसंच बघत राहायला सांगितलं. दोन्ही पापण्या हळूहळू खाली आल्या. मग त्यांनी तो प्रश्न विचारला: "सकाळी कसं असतं?"

सकाळी ठणठणीत असतं, मिस्त्री म्हणाले. बाईंनी शेजारच्या रसवंतीतून बर्फ मागवला, रुमालात बांधला आणि मिटलेल्या डोळ्यावर दोन मिनिटं धरला. रुमाल काढला तर डोळा टक्क उघडा. रिबेकाबाईंनी तोंडावर पदर घेतला. मिस्त्री म्हणाले, बर्फानं बरं व्हनार आसंल तर रसवंतीचाच म्हैन्याचा पास काढतो. डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. त्यांनी चिठ्ठी लिहिली: रक्ताची तपासणी, आणि छातीचं स्कॅन.

झालं. मिस्त्री उठून उभे. डोळा आमचा हितं, आन फोटो छातीचा? उद्या गुडघा दुखला तर टाळूचा काढाल. लुटायचे धंदे आहेत, असं बडबडत ते बाहेर पडले. आठ दिवस चिठ्ठी खिशात शेंगदाण्यांबरोबर फिरत होती. मी रोज विचारायची, ते रोज विषय बदलायचे. नवव्या दिवशी माझं डोकं सटकलं. एक शेतकरी मोटर घेऊन आला होता आणि मिस्त्री त्याला नेहमीसारखे प्रश्न विचारत होते. त्या शेतकऱ्यासमोरच मी म्हणाले, "मिस्त्री, तुमची मोटर बोंबलतेय तीन महिने. तुम्ही मोटरलाच शिव्या घालताय. फुटव्हॉल कुणी बघायचा, तुमच्या जावयानं?"

मिस्त्रींनी तार गुंडाळून ठेवली, हात पुसले आणि दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं नगरला गेले.

छातीच्या हाडामागे गाठ निघाली. कॅन्सरची.

नगरच्या नसांच्या डॉक्टरांनी सगळं नीट समजावलं. मेंदूचा हुकूम नसेतून स्नायूपर्यंत येतो. जिथं नस स्नायूला भेटते, नेमकी तिथंच यांच्या शरीराचे रक्षक नासधूस करतायत. म्हणून स्नायू थोडं काम केलं की थकतो, विश्रांती मिळाली की परत उठतो; म्हणून सकाळ चांगली आणि संध्याकाळ वाईट. या आजाराला मायस्थेनिया म्हणतात. ते रक्षक लहानपणी छातीतल्या थायमस नावाच्या ग्रंथीत शिकून तयार होतात. मोठेपणी ती ग्रंथी वाळून जाते. पण काही थोड्यांना तिथं गाठ होते, तिच्यामुळे उलटं शिकलेले रक्षक बाहेर पडतात, आणि ते आपल्याच माणसाला धरतात. म्हणून डोळ्याचा रोगी आला की छाती बघायची.

मिस्त्रींनी हे सगळं आपल्या भाषेत आणून दुसऱ्याच दिवशी दुकानात वाटायला सुरुवात केली. "लाईन ठणठणीत, मोटर ठणठणीत, स्टार्टरचा कॉन्टॅक्ट जळतोय. जाळतोय कोन? आपलाच वॉचमन. आन त्याला उलटं शिकवून पाठवनारा मास्तर बसलाय हितं, हाडामागं." दानिएल मास्तर तेव्हा समोरच उभे होते, माफी मागायला आले होते. मास्तर मंडळी अशीच, असं म्हणून मिस्त्रींनी व्हार्निशचा डबा उघडून त्यांच्या नाकाखाली धरला आणि विचारलं, कुठला ब्रँड? मास्तर हसले, आणि हसता हसता त्यांचा बांध फुटला. मिस्त्रींनीच त्यांना चहा पाजला.

कॅन्सर या शब्दानं आम्ही सगळे गारठलो होतो. मिस्त्रींचं म्हणणं वेगळं होतं. ही गाठ न दुखता, न खुपता आत वाढत राहिली असती. तिनं स्वतःहून थोडंच सांगितलं असतं? डोळ्यानं चुगली केली म्हणून सापडली. जो डोळा तीन महिने त्यांची अब्रू घालवत होता, त्याचेच ते गोडवे गाऊ लागले. दिवसातून तीन-चार वेळा घ्यायची एक गोळी सुरू झाली होती. ती घेतली की अर्ध्या तासानं पापणी वर, आवाज खणखणीत, आणि पोटात गुरगुर. मिस्त्री गोळीची वेळ गिऱ्हाईक बघून ठरवायला लागले. भांडखोर माणूस येणार असेल तर आधीच घेऊन बसायचे. मग मी घड्याळाचा गजर लावून ठेवला आणि गजर वाजला की भिंतीवर थापटायची. औषधांच्या रॅकला मी कागदही चिकटवला: "मिस्त्रींना चालत नाही." ज्यांनी हा आजार बळावतो अशा गोळ्यांची यादी होती ती, साध्या खोकल्या-तापाला देतात त्यातल्याही काही. पुन्हा चूक करायची माझी तयारी नव्हती.

ऑपरेशन पुण्याला ठरलं. छातीचं हाड कापून गाठ आणि ग्रंथी काढायची. डॉक्टर म्हणाले, गाठ अजून आवरण फोडून फार पसरलेली दिसत नाही, आता काढली तर चांगली आशा आहे. ठेवली तर नाही. पण श्वासाचे स्नायूही थकणारे, तेव्हा नंतर काही दिवस मशीन लागेल, घशात नळी असेल. मिस्त्रींनी एकच विचारलं: आवाज राहील का? डॉक्टरांनी खरं सांगितलं, की राहावा असा प्रयत्न करू, वचन देत नाही.

तिथं मिस्त्री अडले. मरायला मी भ्यालो न्हाई, मला म्हणाले. पण बिनआवाजाचा मी म्हंजे कोन? हे म्हणताना ते हसत नव्हते. दोन आठवडे गेले. तारीख मिळालेली, कागद तयार, सही नाही. मुलगी नाशिकहून आली, चर्चचे पाळकसाहेब येऊन प्रार्थना करून गेले, मी भांडून पाहिलं. सगळ्यांना ते गोष्टी सांगून परत पाठवायचे.

शेवटी एका दुपारी रिबेकाबाई डबा घेऊन दुकानात आल्या. मी तिथंच होते. त्यांनी डबा उघडला, भाकरी कुस्करून दुधात भिजवली, कारण चावायला जड जायचं, आणि ताटली पुढं ठेवत नेहमीच्या हळू आवाजात म्हणाल्या, "तुमचा आवाज गेला तर जाऊ द्या. तीस वर्सांचं माझं बोलायचं ऱ्हायलंय, ते मी बोलंन. पन ऐकायला कुनीतरी पायजे ना."

मिस्त्रींनी ताटली जवळ ओढली. मग खो खो हसायला लागले, इतके की मला वाटलं गोळीचं काहीतरी झालं. डोळे पुसले आणि मला म्हणाले, पेन दे. त्यांच्या कानावर पेन्सिल होती; पण असल्या कागदाला पेन लागतं, हे त्यांना बरोबर माहीत होतं.

पुण्याला गाठ सगळी निघाली. चार दिवस मशीनवर होते. पाचव्या दिवशी मी भेटायला गेले तेव्हा नळी निघाली होती, पण बोलायची मनाई. उशाशी वही होती आणि ती निम्मी भरलेली. पहिल्याच पानावर लिहिलं होतं: वरच्या पंख्याचं बेअरिंग वाजतंय, ग्रीस मारा. पुढची पानं पंखा, सलाइनचा स्टँड आणि सिस्टरबाईंच्या लग्नाविषयी. रिबेकाबाई कॉटशेजारी स्टुलावर बसून बोलत होत्या. खरंच बोलत होत्या. लहानपणीच्या विहिरीची काहीतरी गोष्ट होती, आणि मिस्त्री तोंड मिटून, डोळे मोठ्ठे करून ऐकत होते. मी दारातूनच मागं वळले आणि जिन्यात बसून मनसोक्त रडले.

आवाज परत आला. थोडा घोगरा, पण आला. लाइटचा शेक, म्हणजे रेडिएशन, घेऊन झालं, गोळ्या कमी झाल्या, औषधांनी चेहरा सुजून गोल झाला होता ती सूजही उतरली. पुढची अडीच वर्षं मिस्त्रींनी मोटरी भरल्या, माझं डोकं खाल्लं आणि रिबेकाबाईंना मधे मधे बोलू दिलं. ही शेवटची गोष्ट त्यांना जड जायची, पण करायचे.

मग एका तपासणीत छातीत आतल्या अस्तरावर ठिपका दिसला. मिस्त्रींनी ते मला मोटरीचं सांगावं तसं सांगितलं: परत जरा वाजायला लागलंय, उघडून बघावं लागंल. उपचार नाशिकला, म्हणून मुलीकडं राहायला जायचं ठरलं. गाळा बंद झाला. पुढं सहा-सात महिने ते तिथं होते, आणि तिथंच गेले. मातीला मी गेले होते, पण ते शेवटचं बघणं म्हणून मी धरत नाही.

मी धरते ते एसटी स्टँडवरचं. नाशिकची गाडी लागली होती. मिस्त्री खिडकीशी, पलीकडे रिबेकाबाई मांडीवर पिशवी घेऊन. दिवे लागलेले, गर्दी ही एवढी, पाणीबाटलीवाले ओरडतायत आणि मिस्त्री कंडक्टरला गाडीच्या डायनामोबद्दल काहीतरी समजावतायत. कंडक्टर घंटी मारायची विसरून ऐकत होता. मी नुसती खिडकीची चौकट धरून उभी होते.  मिस्त्रींनी ते बघितलं आणि बोलणं तोडून माझ्याकडं वळले.

"ताई, वाजले किती?"

मी घड्याळ बघितलं. "सव्वासात."

"मंग ऐक की आवाज. बघ डोळे," ते म्हणाले. दोन्ही डोळे सताड उघडे होते, टेप नाही, बर्फ नाही.

गाडी हलली. मी दोन पावलं बरोबर चालले, मग मागे राहिले. मिस्त्रींनी डोकं खिडकीबाहेर काढलं आणि ओरडून सांगायला लागले, की तुझ्या औषधाच्या फ्रिजला अर्थिंग नाही, हात लावला की झिणझिण्या येतात, मी कधीपासून सांगीन म्हणतोय, वायरमनला बोलाव. रिबेकाबाई त्यांचा शर्ट धरून आत ओढत होत्या. गाडी फाटकातून वळली, खिडकी दिसेनाशी झाली, तरी त्या गोंगाटातून मला अक्षर न् अक्षर ऐकू येत होतं. "टाळू नको. उद्याच्या उद्या करून घे."

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडल्यावर मी पहिला फोन वायरमनला केला.